हळूबाईचा प्रबंध

माझी सून विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते, आणि तिच्या हाताखालून कोणतीही गोष्ट जशीच्या तशी जात नाही. मी घडी घातलेली चादर ती उलगडते आणि पुन्हा घडी घालते. मी लावलेले डबे उंचीप्रमाणे लावते. पाहुण्यांना मी काही सांगायला लागले की मधेच म्हणते, "आईंना म्हणायचंय असं की..." आणि मग मला काय म्हणायचं होतं ते मलाही तेव्हाच कळतं. मी स्वतः शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा दुसऱ्याला सुधारायची खाज मला अगदीच अनोळखी नाही. पण माझी खाज निवृत्तीबरोबर गेली. माझा मुलगा बोटीवर नोकरी करतो आणि वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतो. शहाणा आहे.

तरी तिची एक बाजू सांगायलाच हवी. विद्यार्थ्यांवर ती जीव टाकते. तिच्या खात्यात असे गाइड आहेत की जे पीएच.डी.च्या प्रबंधाचं पहिलं पान बघतात, शेवटचं बघतात आणि सही ठोकून मोकळे होतात. ही प्रत्येक पान वाचते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रबंध पसरून बसते, समोर मी शेंगा सोलत असते. लाल पेनाने विद्यार्थ्याचं वाक्य खोडायचं, वर आपलं लिहायचं, आणि मनासारखं जमलं की मला मोठ्याने वाचून दाखवायचं, हा आमच्या घरातला नित्याचा कार्यक्रम. मी दाद द्यायची. नुसतं "छान" म्हणून भागत नाही, "आता कसं ठसठशीत झालं" असं म्हणावं लागतं.

हळूबाई ही तिची विद्यार्थिनी. नाव मी ठेवलेलं. ती जिना हळू चढते, बेल हळू वाजवते, आणि तिला काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो. पण आलेलं उत्तर ऐकण्यासारखं असतं. एका कॉलेजात ती तासावर शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर हात हलवत घरी. तिथे कायमच्या जागेसाठी तिची निवड झाली होती, फक्त एका अटीवर: वर्ष संपायच्या आत पीएच.डी. हातात हवी.

तिचा विषय मला फार आवडायचा. मोठ्या रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात, म्हणजे रोग्यांचे नातेवाईक जिथे वाट बघत बसतात त्या दालनात, ती दोन वर्षं जाऊन बसली होती. माणसं तिथे कशी बसतात, कुणाशी बोलतात, काय बोलतात, हे बघायला. मी म्हटलं, "अगं, तुझ्यासारखीच्या शेजारी कुणीही येऊन मन मोकळं करेल. तू मधे बोलतच नाहीस." त्यावर ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "हो आजी, म्हणूनच जमलं."

प्रबंध पुरा झाला. सुनेने त्याची पानन् पान लाल केली, हळूबाईने ती सगळी लाली उतरवून घेतली, आणि प्रबंध विद्यापीठात गेला. हल्ली तिथे प्रबंध आधी एका सॉफ्टवेअरमधून जातो. आजवर झालेल्या सगळ्या प्रबंधांशी ते नवा प्रबंध ताडून बघतं आणि कुठलं वाक्य कुठल्याशी जुळतं त्याचा अहवाल काढतं. माझी सून या सॉफ्टवेअरच्या बाजूने भांडलेली. विद्यार्थी इकडून तिकडून उचलतात, आता तर मशीनकडूनच लिहून घेतात, कुठेतरी बांध घालायला हवा, असं तिने सभेत ठणकावून सांगितलं होतं. मलाही ते पटलं होतं.

त्या दिवशी ती घरी आली तीच पारा चढवून. चपला एक इकडे, एक तिकडे. ती चपला जोडीने ठेवणारी बाई आहे, त्यामुळे मी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"चोरी केलीय आई, पोरीने," ती म्हणाली. "माझ्या नाकाखाली. शेवटची दोन प्रकरणं जवळजवळ उचललेली. माझ्याच जुन्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून, तो बसचालकांवर काम करणारा होता ना, त्याच्या."

मला खरंच धक्का बसला. तो मुलगा मला आठवत होता. बसचालक दोन फेऱ्यांच्या मधे विश्रांतिगृहात वाट बघत बसतात, त्याबद्दल त्याने लिहिलं होतं.

"शुक्रवारी समितीपुढे बोलावलंय तिला. कॉपी ठरली की प्रबंध रद्द, नोंदणी रद्द. कायमची जागा तर विसराच. आणि मी विचारलं तर तोंडातून शब्द नाही. मूग गिळून उभी."

"कुणाला बोलायला वेळ लागतो," मी म्हटलं.

"अर्धा तास दिला होता मी." तिने पिशवीतून अहवाल काढला. पिवळ्या रंगात रंगवलेल्या ओळी मलाही दिसत होत्या. "ऐका तुम्हीच. हे त्याचं, आणि जसंच्या तसं हिचं. 'प्रतीक्षा ही केवळ काळातली रिकामी जागा नसून...'"

"'...ती माणसामाणसांत नवे बंध विणणारी प्रक्रिया आहे,'" मी म्हटलं.

ती थांबली. "तुम्ही वाचलाय का हा प्रबंध?"

"नाही गं."

तिने कपाळाला आठी घालून पुढचं पिवळं वाक्य शोधलं. "'या माणसांना परस्परांचे नाव ठाऊक नसते, परंतु...'"

"'...परस्परांचे दुःख ठाऊक असते,'" मी म्हटलं. "यावर तू मला दोनदा दाद द्यायला लावली होतीस."

मला फार वाईट वाटलं, कारण तिचा चेहरा उतरताना मी समोरच बसले होते. पण आता बोलले नसते तर त्या पोरीचं वाटोळं झालं असतं.

"अगं, हे तुझंच आहे," मी म्हटलं. "त्याच्या प्रबंधात तूच लिहिलंस, हिच्यातही तूच. मी दोन्ही वेळा याच खुर्चीवर होते."

"मी लिहीत नाही," ती म्हणाली. "मी सुधारते."

त्यानंतर तिने अहवाल पिशवीत घातला, चपला जोडीने ठेवल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दोन दिवस आमच्यात भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच बोलणं झालं. ती माझ्यावर रागावली होती, आणि तिने रागवावं हे मला मान्यच होतं. मधल्या दुपारी ती घरात नसताना हळूबाई आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, मॅडमची पुस्तकं परत करायला आलेय. म्हणजे पोरीने आशा सोडली होती.

मी तिला आत ओढलं. चहा ठेवला. म्हटलं, "तू समितीला खरं का नाही सांगत? की बाई, ही वाक्यं माझी नाहीत, गाइडची आहेत?"

बराच वेळ गेला. चहावर साय धरली.

"कसं सांगू आजी," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणींचे गाइड फोन उचलत नाहीत. मॅडमनी माझ्यासाठी किती संध्याकाळी घालवल्या. मी पाच ओळी लिहून आणायचे, त्या दहा ओळी करून द्यायच्या. आता उठून म्हणू की हा त्यांचाच दोष?"

"मग खोटी ठरशील."

"हो." तिने कप फिरवला. "आणि दुसरं असं की मलाच आता नीट सांगता येत नाही, यातलं माझं कुठलं. आधी आधी कळायचं. मॅडमचं वाक्य आलं की वाटायचं, अरे, हे मला म्हणायचं नव्हतं. मग वाटायला लागलं, हेच म्हणायचं असेल, आपल्याला सुचलं नाही इतकंच."

मला एकदम पाहुण्यांपुढची मी आठवले, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसलेली. मी तिला विचारलं, "तुला म्हणायचं तरी काय होतं?"

तिने मला सांगितलं. सावकाश, थांबत थांबत, पण सांगितलं. ते प्रबंधात कुठे नव्हतं. "याला आधार काय?" असं लिहून सुनेने ते पान सुरुवातीलाच काढून टाकलं होतं.

संध्याकाळी सून आली, तेव्हा परत आलेली पुस्तकं टेबलावर होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तू तिच्या लिखाणात एवढी घुसलीस की तिला बसायला जागा उरली नाही. मी पुढे काही बोलणार नाही."

"बोललात की," ती म्हणाली. पण दार लावून घेतलं नाही. कपाटातून तिने आजवरच्या आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढले, काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे, आणि जमिनीवर बसून एकेकाचं शेवटचं प्रकरण वाचायला लागली. शाळा सोडून गेलेल्या मुली, गिरणीतले कामगार, वृद्धाश्रम, बसचालक. विषय एकापेक्षा एक निराळे, आणि बोलणारी बाई सगळीकडे एकच. मधेच एकदा ती हसली, पण ते काही चांगलं हसणं नव्हतं.

"सगळे माझ्यासारखे बोलतायत आई," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझे विद्यार्थी किती छान लिहितात."

शुक्रवारी काय झालं ते तिने घरी येऊन मला सांगितलं. हळूबाईला आत बोलवायच्या आधीच ती समितीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, जुळलेली वाक्यं माझी आहेत, दोन्ही प्रबंधांत मीच घातलेली आहेत, मुलीने काहीही उचललेलं नाही. समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांचं तिच्याशी कधी जमलं नाही, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मग मॅडम, प्रबंध कोणाचा?" ती म्हणाली, याचंच उत्तर द्यायला मला आणि तिला वेळ द्या. खूप वाद झाला. एकजण म्हणाला, गाइडने वाचायचंच नाही की काय मग? दुसरा म्हणाला, आपल्यापैकी कितीजण वाचतात ते आधी सांगा. शेवटी ठरलं ते असं की हळूबाईने ती दोन प्रकरणं नव्याने लिहायची. गाइडने त्यात एकही शब्द घालायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे. मग मौखिक परीक्षा खुल्या सभागृहात, बाहेरच्या परीक्षकासमोर. सुनेने दोन वर्षं नवा विद्यार्थी घ्यायचा नाही, हेही त्यात ठरलं. तो भाग तिने जिना चढून आल्यावर सगळ्यात शेवटी सांगितला, आणि सांगताना पाणी प्यायला उठली.

पुढचे महिने आमच्या घराने काय सोसलं ते आम्हालाच ठाऊक. सुनेचे हात रिकामे झाले होते. तिने माझी औषधं रंगांप्रमाणे लावली. मुलगा सुट्टीवर आला होता, त्याने बोटीवर पाठवायचा अर्ज लिहिला तर तो तिने पुन्हा लिहून दिला. तो मला हळूच म्हणाला, "आई, तिला एखादा प्रबंध आण ना कुठून तरी."

हळूबाईची पानं यायची तेव्हा तर बघवत नसे. ती वाचायची, हात पेनाकडे जायचा, मागे यायचा. सुरुवातीचे तिचे प्रश्न म्हणजे नुसत्या सूचना होत्या, शेवटी प्रश्नचिन्ह लावलेल्या. "हा परिच्छेद वर घेतला तर बरं नाही का?" "इथे 'बंध' हा शब्द जास्त शोभणार नाही का?" मी म्हटलं, याला प्रश्न म्हणत नाहीत, याला लाडीगोडी म्हणतात. ती चिडली, पण तिने ते खोडलं. मग बराच वेळ बसून पानातल्या एका बाईबद्दल लिहिलं, "ही बाई नेमकी कुठे बसली होती?"

त्यावर हळूबाईने चार पानं लिहून आणली. मला वाटतं तिथून गाडी रुळावर आली. सून मला वाचून दाखवायची, पण आता हळूबाईचं. दाद कुणाला द्यायची हे मला कळेना, म्हणून मी नुसती ऐकायची. ते काढून टाकलेलं पान मात्र अजून आलं नव्हतं. ते सगळ्यात शेवटी आलं. सुनेने ते वाचलं, मला वाचून दाखवलं नाही, आणि पानावर कुठलाही प्रश्न न लिहिता परत दिलं. तिला ते पटलं नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरूनच समजलं.

परीक्षेच्या दिवशी मी हट्टाने गेले. खुली म्हणजे खुली, कुणीही येऊन बसावं. सभागृह मोठं होतं आणि माणसं कमी, तरी खात्यातले लोक आवर्जून आले होते. कुणी हळूबाईसाठी, बरेचसे माझ्या सुनेची कशी जिरते ते बघायला. कॉलेजचे प्राचार्यही मागे बसले होते. वर्ष संपत आलं होतं आणि जागा अजून रिकामी होती. बाहेरचे परीक्षक सडपातळ, रुमालाने सारखं नाक पुसणारे गृहस्थ होते. माझी सून पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून.

हळूबाई उभी राहिली. ती बोलायची तशीच बोलली, हळू. पहिल्या दहा मिनिटांत लोक घड्याळं बघायला लागले, पुढच्या दहात बघायचे थांबले.

मग परीक्षकांनी विचारलं, "तुमचा मुख्य निष्कर्ष थोडक्यात सांगा."

"तिथली माणसं शेजारच्या अनोळखी माणसाला खरं सांगतात," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस उरलेत, सगळं. आणि मग त्याच खुर्चीवरून घरी फोन लावतात आणि खोटं सांगतात. काळजीचं काही नाही, दोन दिवसांत घरी आणतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे सगळे एकमेकांच्या जवळ येतात असं आपण लिहितो. मला वाटतं, ते जवळ येत नाहीत. घरच्यांशी खोटं बोलायला जी ताकद लागते, तेवढी ते तिथून घेतात."

परीक्षकांनी नाक पुसलं. "पण वाट बघणारी माणसं एकमेकांशी घट्ट जोडली जातात, हे तर तुमच्या गाइडच्याच पुस्तकात आहे. सगळे आधार म्हणून वापरतात ते पुस्तक. तुम्ही म्हणता ते चूक आहे?"

यावेळी ती इतका वेळ थांबली की मलाच खुर्चीत बसवेना. मागे कुणीतरी खाकरलं.

"मॅडमच्या पुस्तकात ते आहे," हळूबाई म्हणाली. "मला तिथे तसं दिसलं नाही."

परीक्षक पहिल्या रांगेकडे वळले. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं या विषयात आहात. तुम्हाला हा निष्कर्ष मान्य आहे का? कारण गाइडलाच मान्य नसेल, तर मी कोणत्या तोंडाने शिफारस करू?"

माझी सून उठली. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. मला तिची मान दिसत होती, आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, आज नको, आज तेवढं नको. कारण तिला बोलता येतं. तिने दोन वाक्यांत त्या पोरीचं म्हणणं गुंडाळून तिथे आपलं ठेवलं असतं, आणि सगळं सभागृह म्हणालं असतं, हं, आता कसं ठसठशीत झालं.

ती हळूबाईकडे वळली. "मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "खोटं बोलून झाल्यावर, फोन ठेवून, ती माणसं काय करायची?"

हळूबाईने विचार केला. "शेजारच्याकडे बघायची, मॅडम. शेजारच्याने सगळं ऐकलेलं असायचं. तो मान हलवायचा. म्हणजे, बरं केलंत. आणि मग तो आपल्या घरी फोन लावायचा."

माझे यजमान शेवटच्या आजारात रुग्णालयात होते आणि मी बाहेर अशीच वाट बघत बसले होते, तेव्हा शेजारी हिरव्या शालीतली एक बाई होती. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. मी मुलाला फोनवर काय सांगितलं, ते एकट्या तिला ठाऊक आहे.

"मला हे ठाऊक नव्हतं," माझी सून म्हणाली. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "मी इतकी वर्षं यावर लिहितेय, आणि फोन ठेवल्यावर काय होतं ते मी कधी थांबून बघितलं नाही. निष्कर्ष तिचा आहे. मला तो मान्य आहे. पुस्तकात माझं चुकलंय."

ज्येष्ठ प्राध्यापकांनी चष्मा काढला, पण या खेपेला विचारलं काही नाही. परीक्षकांनी समोरचा कागद ओढला आणि शिफारस लिहून सही केली. मागे प्राचार्यांनी टाळी वाजवायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी.

हळूबाई तिथेच उभी राहून रडायला लागली. तिला काहीतरी बोलायचं होतं, आभाराचं असणार, पण शब्द लवकर येईनात. माझी सून तिच्याजवळ गेली आणि नुसती उभी राहिली. तिच्या वतीने काही बोलली नाही, वाक्य पुरं करून दिलं नाही, जितका वेळ लागेल तितका वेळ थांबली. मला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि कुणाचा म्हणाल तर सुनेचा.